तहकूब साहेबांचा सत्कार

"म्याडम, माणसं मोजू नका, नजर लागंल," भगवानराव म्हणाले.

मोजण्यासारखं फारसं काही नव्हतंच. समाजमंदिरात सतरंजी अंथरली होती आणि माणसांपेक्षा तिला पडलेली भोकंच जास्त नजरेत भरत होती. पुढे टेबल, टेबलावर प्लास्टिकची फुलं, मागे तालुक्याहून आलेला बॅनर: 'लोकसहभागातून ग्रामविकास'. लोक म्हणाल तर पारावरून उठवून आणलेले दोन-चार म्हातारे, ग्रामपंचायतीचे दोन सदस्य, भगवानरावांचा मेहुणा आणि सावलीला आलेलं एक कुत्रं. सहभाग म्हणाल तर तो कुत्र्याचाच. मी विषय वाचला की ते निदान शेपूट हलवत होतं.

"करा मग तहकूब," भगवानराव म्हणाले. 'चहा करा' म्हणावं तसं.

मी ग्रामसभा तहकूब केली. आमच्या गावात माझ्या हातून चहापेक्षा तहकूबच जास्त वेळा झाली असेल.

मी ग्रामसेविका आहे. अलीकडे सरकारनं आमचं पदनाम बदलून 'ग्रामपंचायत अधिकारी' केलं. खुर्ची तीच, तिचा निखळलेला हातही तोच. फरक एवढाच, की आता त्या खुर्चीवरून घसरते ती अधिकारी. माझं गाव सेनगाव तालुक्यात, पुसेगावच्या बाजूला. नाव सांगणार नाही. माझी नोकरी अजून शिल्लक आहे, आणि भगवानराव छापलेलं सगळं वाचत नसले तरी स्वतःचं नाव कुठं छापलंय ते बरोबर शोधतात.

भगवानरावांचं पद सांगायचं राहिलं. ते सरपंच नाहीत. सरपंच त्यांच्या पत्नी मंदाबाई. सरकारनं सत्ता दिल्लीहून मुंबईला दिली, मुंबईहून हिंगोलीला, हिंगोलीहून गावाला, आणि गावात महिला आरक्षणानं थेट बाईच्या हातात. एवढा लांबचा प्रवास झाला म्हटल्यावर शेवटचा टप्पा भगवानरावांनी स्वतः पार पाडला. बाईच्या हातातली सत्ता आपल्या खिशात घातली. याला विकेंद्रीकरण म्हणतात, असा त्यांचा प्रामाणिक समज आहे. गावही त्यांनाच 'सरपंच साहेब' म्हणतं. मंदाबाईंना 'सरपंचीणबाई' म्हणतं. डॉक्टरांच्या बायकोला डॉक्टरीणबाई म्हणतात, त्या हिशेबानं.

आता ग्रामसभेबद्दल थोडं, म्हणजे पुढची गंमत कळेल. गावातला प्रत्येक मतदार हा ग्रामसभेचा सभासद असतो. संसदेत बसायला निवडून यावं लागतं, ग्रामसभेत बसायला फक्त चप्पल पायात घालावी लागते. गावच्या वर्षभराच्या कामांचा आराखडा ही सभा ठरवते. मात्र सभेला ठरावीक माणसं हवीत. मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, जे कमी असेल ते. याला गणपूर्ती म्हणतात, म्हणजे कोरम. कोरम भरला नाही तर सभा तहकूब, म्हणजे पुढच्या तारखेला. आणि पुढच्या तारखेच्या त्या तहकूब सभेला कोरमची अटच नाही. पाच माणसं आली तरी सभा पक्की, ठराव पक्का, सगळा गाव त्याला बांधील. अट एकच: मूळ सभेचे विषय तेवढेच घ्यायचे, नवा विषय घ्यायचा नाही.

ही पळवाट भगवानरावांनी रुंद करून तिचा हमरस्ता केला होता. मूळ सभा ठेवायची ऐन सोयाबीन काढणीत, भर दुपारी, त्यातून पुसेगावचा बाजार असेल तर उत्तमच. कोणी फिरकत नाही. सभा तहकूब. मग तहकूब सभेला आपली आठ डोकी, प्रत्येकाला भज्यांची प्लेट, आणि भजी गार व्हायच्या आत आराखडा मंजूर.

मी काही बोलत नव्हते असं नाही. बोलले की ते म्हणायचे, "म्याडम, नियमात बसतं का न्हाई?"

बसायचं. अगदी मांडी घालून बसायचं.

वरिष्ठांना सांगून पाहिलं होतं. वरिष्ठ सज्जन. त्यांनी आम्हाला हिंगोलीत ट्रेनिंगला पाठवलं. विषय, 'खालून वर नियोजन'. म्हणजे गावानं ठरवायचं आणि वरच्यांनी ऐकायचं. खालून वर नियोजन कसं करायचं, याच्या सूचना अर्थातच वरून आल्या होत्या. ट्रेनर म्हणाले, "तुमच्या गावानं काय व्हायचं ते गावानंच ठरवायचं. संपूर्ण स्वातंत्र्य आहे. फक्त पोर्टलवर ड्रॉपडाऊनमध्ये जे आहे त्यातलंच निवडा."

मी हात वर करून विचारलं, "सर, गावाला ड्रॉपडाऊनमध्ये नसलेलं काही हवं असलं तर?"

ते म्हणाले, "छान प्रश्न आहे. जेवणानंतर घेऊ."

जेवणानंतर सर्टिफिकेटं वाटली.

तर त्या दिवशी तहकूब झालेल्या सभेत मुख्य विषय होता 'गावतळ्याचे सुशोभीकरण'. गावाच्या वरच्या अंगाला माळ आहे, माळाच्या पायथ्याला तळं. भगवानरावांच्या मनातलं सुशोभीकरण असं: तळ्याला चहूबाजूंनी लोखंडी जाळीचं कुंपण, कुलपाचं गेट, आत पेव्हर ब्लॉक, दोन सिमेंटची बाकं, आणि समोर माणसाच्या उंचीची इंग्रजी अक्षरं. 'आय लव्ह', मग एक लाल बदाम, मग गावाचं नाव. सेल्फी पॉइंट. हिंगोलीला आहे, कळमनुरीला आहे, मग आम्हीच काय पाप केलं? मेहुण्याचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे हा निव्वळ योगायोग.

सभा तहकूब करून मी ऑफिसात आले. शेषराव, आमचे शिपाई, भोंग्यावर पुकारायला गेले. शेषरावांचा आवाज असा, की भोंगा नसता तरी चाललं असतं. "गावकऱ्यांना कळवण्यात येते की, ग्रामसभा तहकूब! तहकूब सभेला समद्यांनी हजर ऱ्हावं! तहकूब!" वाऱ्याच्या दिशेप्रमाणे माळापर्यंत यातला एखादाच शब्द पोचतो. कोणता, ते तुम्ही ओळखलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिससमोर काही तरी फाडल्याचा आवाज आला. बाहेर पाहिलं तर एक शेळी आमच्या नोटीस बोर्डावरचं पोस्टर खात होती. 'लोकसहभाग' या शब्दातले 'लोक' तिनं संपवले होते. 'सहभाग' चालू होता.

शेळीच्या दोरीचं दुसरं टोक गयाबाईंच्या हातात होतं. गयाबाई माळावरच्या वस्तीतल्या. मेंढ्या-शेळ्या पाळणाऱ्यांची ती वस्ती. पन्नाशी ओलांडलेली बाई, काठीसारखी सरळ, आणि बोलायला लागली की ती काठी पाठीत बसते.

"म्याडम, तहकूब साहेब कवा येऊन राहिले?"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "कोण साहेब?"

"तहकूब साहेब वो. शेषराव वरडून राहिला ना कालधरनं. तारीख काही आयकू आली न्हाई."

मी पेनचं टोपण दातात धरलं. गणपतीच्या नाटकांत मी बऱ्याच भूमिका केल्या आहेत. एकदा तर मेलेल्या सासूची, तीही संपूर्ण तिसरा अंक. पण चेहरा हलू न देण्याचं इतकं अवघड काम कधी पडलं नव्हतं.

"मावशी, तुम्हाला त्यांच्याकडे काय काम आहे?"

"काम काय म्हंजी? मागं रस्त्याचं इचारलं, भगवानराव म्हणले तहकूबमदी बघू. दिव्याचं इचारलं, तहकूबमदी बघू. समदं जर तहकूबच बघतो, तर मंग सरपंचाला काहून तकलीफ द्यावी? थेट त्यालाच भेटावं म्हणते."

युक्तिवादात कुठंही फट नव्हती. मी शोधून पाहिली.

"आमचा सासरा सांगायचा," त्या पुढे म्हणाल्या, "निजामाच्या वक्ताला एक याकूब अंमलदार व्हता. घोड्यावर यायचा. मानूस कडक, पन इन्साफ बराबर करायचा. हा तहकूब त्याच्याच घरातला व्हय का?"

"घराणं जुनंच आहे," मी म्हणाले. शब्दकोशात या शब्दाचं मूळ बघा, मी खोटं बोलले नाही.

मग त्या एकदम खाली बसल्या, पायरीवर, आणि आवाज उतरला. "म्याडम, तळ्याला जाळी मारून राहिले म्हणतेत. खरं हाय का?"

"विषय आहे सभेपुढं."

"मंग माझ्या मेंढ्या पाणी कुठं पितील? दुसरं पाणी नदीला. नदीला जायचं तं लोकाच्या हळदीतून, सोयाबीनातून जावं लागतं. रोज भांडण, रोज शिव्या. गाभण मेंढी तेवढी चालत बी न्हाई. जाळी झाली तं कळप इकून टाकावा लागंल मला. आन कळप इकला तं मी काय, त्या बदामासमोर उभं राहून फोटू काढू?"

सेल्फी पॉइंटची बातमी माळावर पोचली होती तर. भोंग्याशिवायच.

इथं मी सांगू शकले असते, की मावशी, तहकूब म्हणजे माणूस नव्हे, तहकूब म्हणजे पुढे ढकललेली सभा, तुम्ही मतदार आहात, तुम्हाला अधिकार आहे, संविधान, त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती. हे सगळं माझं त्या वस्तीवर पूर्वी सांगून झालं होतं. माईक घेऊन, बॅनर लावून, महिला सभेत. तेव्हा आलेल्या तीन बायकांपैकी दोघी अंगणवाडीतून लेकरं न्यायला आल्या होत्या.

म्हणून मी एवढंच म्हणाले, "मावशी, निर्णय तहकूबलाच होतात. हे तुमचं अगदी बराबर आहे."

"मानूस कसा हाय?"

"एकट्यादुकट्याचं ऐकत नाही. दहा-वीस गेले तरी नाही. पण सगळी वस्ती समोर बसली, तर ऐकावंच लागतं."

"बायका चालतील?"

"बायका विशेष चालतील."

"कवा?"

मी तारीख, वेळ सांगितली. पुन्हा सांगते, मी एकही शब्द खोटा बोलले नाही. हवं तर चौकशी लावा.

तहकूब सभेचा दिवस उजाडला. पडदा वर जातो.

समाजमंदिर तेच, सतरंजी तीच, भोकं तीच. मध्ये खुर्चीवर मंदाबाई, ठेवणीतली हिरवी साडी नेसून. सरपंच असल्यामुळे अध्यक्षस्थान त्यांचं, आणि नवरा शेजारी असल्यामुळे बोलणं त्याचं. भगवानरावांसकट त्यांची आठ डोकी आलेली. मेहुण्याच्या हातात भज्यांची पातेली. मी प्रोसिडिंगची वही उघडून बसले.

"घ्या उरकून," भगवानराव म्हणाले. "मला हिंगोलीला जायचंय."

तेवढ्यात ढोल ऐकू आला.

आधी वाटलं कुणाचं लग्न. मग ढोल जवळ आला, आणि माळाच्या वाटेनं लाल पटके दिसायला लागले. मग त्यामागं लुगडी. मग काठ्या टेकत म्हातारे. मग कडेवर लेकरं घेतलेल्या लेकी-सुना. सगळ्यात शेवटी कळप, कारण घरी राखायला कोणी उरलं नव्हतं. पुढं गयाबाई. हातात नारळ, झेंडूचा जाडजूड हार, खांद्यावर नवं कोरं घोंगडं.

समाजमंदिर भरलं. पायऱ्या भरल्या. खिडक्यांतून पटके आत आले. कळप मागच्या बाजूला थांबला, पण त्याचा आवाज आत येत राहिला. आमच्या सभेत इतकी एकमुखी चर्चा मी पहिल्यांदा ऐकत होते.

भगवानरावांच्या हातातलं भजं तोंडाच्या वाटेवर थांबलं. ते माझ्या कानाशी वाकले.

"हे काहून आले?"

"ग्रामसभेला. मतदार आहेत."

"पन ही तर तहकूब हाय!"

"तहकूबलाच आलेत."

"तहकूबला कोरम लागत न्हाई म्हणले होते ना तुमी?"

"लागत नाही. पण भरला तर हाकलून द्यायचा, असं कुठं लिहिलेलं नाही."

त्यांचे डोळे चमकले. "मंग परत तहकूब करा."

"कारण काय लिहू?"

"लिवा की, गर्दी लई झाली."

"साहेब, माणसं कमी आली तर सभा तहकूब करता येते. जास्त आली म्हणून करता येत नाही. नियम करणाऱ्यांना ती शक्यता सुचलीच नसावी."

भगवानरावांनी फोन काढला आणि बीडीओ साहेबांना, म्हणजे आमच्या गटविकास अधिकाऱ्यांना लावला. बाजूलाच ढोल घुमत होता, म्हणून स्पीकर चालू करावा लागला.

"साहेब, ग्रामसभेला लोक आलेत!"

पलीकडून साहेबांचा आवाज. "कशाला?"

"तेच कळंना झालंय!"

"काही भांडण झालंय का? पोलिसांना कळवलं?"

"न्हाई साहेब, गुमान बसलेत. पन लई हायत."

"म्याडमला द्या."

मी म्हणाले, "नमस्कार सर."

"म्याडम, हे बघा. नियमानुसार करा. मला काही माहीत नाही, मी मीटिंगमध्ये आहे. आणि हो, फोटो काढून घ्या. बॅनर दिसला पाहिजे, गर्दी दिसली पाहिजे. लगेच ग्रुपवर टाका."

फोन बंद. अधिकार तालुक्याहून गावाला हस्तांतरित होताना इतक्या जवळून मी प्रथमच पाहिला. अर्ध्या मिनिटात झाला.

तोवर गयाबाईंनी कोपऱ्यातली एक रिकामी खुर्ची उचलून मंदाबाईंच्या शेजारी आणून ठेवली होती. पदरानं पुसली. तिच्यावर घोंगडं अंथरलं. आणि हार दोन्ही हातांत धरून विचारलं, "साहेब कुठं हायत? जेवून येऊन राहिले का?"

"कोनते साहेब?" भगवानराव ओरडले.

"तहकूब साहेब."

मी प्रोसिडिंगमध्ये मान घातली. अतिशय मन लावून तारीख लिहिली. मग तीच पुन्हा लिहिली.

भगवानराव आधी हसले. मग त्यांना कळलं की ही सगळी वस्ती त्याच एका माणसासाठी आली आहे, आणि तो माणूस नाहीच हे कळलं तर ती उठून जाईल. त्यांना मोठा आनंद झाला. छाती पुढे काढून ते उभे राहिले.

"अवो बाई, तहकूब म्हंजी मानूस न्हाई! सभा पुढं ढकलली की तिला तहकूब म्हणतेत! साहेब-बिहेब कोनी न्हाई, कोनी येनार न्हाई. जा घरी!"

ढोल थांबला. मला वाटलं, संपलं. वस्ती उठणार. आपला खेळ आपल्याच अंगावर आला. गयाबाई हातातल्या हाराकडे बघत होत्या. मागून एक मेंढी खोकली.

"साहेब न्हाईच?" गयाबाईंनी विचारलं.

"न्हाईच!"

"कदीच नव्हता?"

"कदीच नव्हता!"

"मंग आमच्या रस्त्याचं तहकूबमदी कोनी बघितलं?"

भगवानराव बॅनरकडे बघायला लागले.

"दिव्याचं कोनी बघितलं?"

मेहुण्यानं पातेली पाठीमागे सरकवली.

"म्हंजी तुमी आठ जन भजी खात बसलेले, त्यालाच तहकूब म्हणायचं व्हय?" गयाबाई सतरंजीवर बसल्या. ऐसपैस. "मंग आमी बी बघतो आज. वाचा म्याडम, काय इषय हाय ते."

मागून एक म्हातारा ओरडला, "आमाला बी भजी सांगा!"

भज्यांचा कोरम मात्र शेवटपर्यंत भरला नाही.

मी विषय वाचला. गावतळ्याचे सुशोभीकरण, कुंपण व गेटसह. वस्तीत कुजबुज सुरू झाली. भगवानराव घाईघाईनं मंदाबाईंकडे वळून दबक्या आवाजात म्हणाले, "मंदे, म्हण की सभा संपली."

आता इथं एक गोष्ट. इतक्या वर्षांत मंदाबाई सभेत एकदाच बोलल्या होत्या, ते पंखा बंद करा म्हणून. त्या दिवशी त्यांनी समोर बघितलं. समोर बायकाच बायका. त्यातल्या निम्म्यांशी त्यांची रोज तळ्यावर गाठ पडायची.

"संपली कशी?" त्या म्हणाल्या. "सुरू कुठं झाली अजून?"

"मंदे!"

"जाळी लावल्यावर आपल्या म्हशी पाणी कुठं पितील?"

भगवानरावांनी तो विचारच केला नव्हता. त्यांच्या स्वतःच्या म्हशी त्याच तळ्यात डुंबतात. "आपल्याला बोअर हाय की."

"बोअरची मोटार लावायला पहाटं कोन उठंल? तुमी? तुमी उठंस्तोर म्हशी तहसीलला अर्ज देऊन येतील."

आख्खी वस्ती हसली. मंदाबाईंनी पदर सावरला. हशा मिळाला की माणूस रंगमंच सोडत नाही, हे मी अनुभवानं सांगते.

"घ्या हो म्याडम," त्या म्हणाल्या. "ज्यांना जाळी पायजे त्यांनी हात वर करा."

मेहुण्याचा हात वर गेला. भगवानरावांचा गेला. बाकीच्या सहा जणांनी मागे वळून वस्तीकडे पाहिलं. त्यांच्या घरीही शेळ्या होत्या. सहा जणांच्या खांद्यांना अचानक वात धरला.

"ज्यांना जाळी नको त्यांनी?"

मी मोजले नाहीत. नजर लागली असती.

मग गयाबाई म्हणाल्या, "लिवा आता, मेंढ्यांसाठी एक हौद बांधून द्या."

मी म्हणाले, "मावशी, तहकूब सभेत नवा विषय घेता येत नाही. जो आहे त्यावरच बोला."

भगवानरावांना जरा धीर आला. "बघा! नियम हाय! सुशोभीकरनच करावं लागंल!"

"शोभा म्हंजी काय वो?" गयाबाईंनी विचारलं.

"म्हंजी... तळं चांगलं दिसायला पायजे."

"तळ्यात गाळ भरला. दिवाळी झाली की निम्मं तळं आटतं. आटलेलं तळं चांगलं दिसतं का? गाळ काढा. काठाला उतार करून द्या, जनावरं खाली उतरतील. मंग बघा कशी शोभा येती ते."

मी लिहिलं: 'गावतळ्याचे सुशोभीकरण, गाळ काढणे व काठास उतार करणे यांसह, कुंपण व गेट वगळून.' नवा विषय नव्हता. जुनाच होता, फक्त त्यात अर्थ घातला होता.

भगवानराव खुर्चीत मावळले होते. हळूच म्हणाले, "आन ते... बदाम?"

वस्तीनं एकमेकांकडे पाहिलं. एवढा मोठा माणूस, आवाज इतका लहान झालेला. गयाबाईंनाच दया आली. "असू द्या वो त्यांचा बदाम. एका कडंला लावा म्हणावं, पायात येनार न्हाई असा." जत्रेत लेकरू हट्टाला पेटलं की फुगा घेऊन देतात, तसा सेल्फी पॉइंट बहुमतानं मंजूर झाला.

राहिला हार. गयाबाई तो घेऊन उठल्या. भगवानरावांची मान सवयीनं आपोआप खाली गेली. वर्षानुवर्षांच्या सत्कारांनी तिला तसं वळणच पडलं होतं. गयाबाई त्या मानेवरून पुढे गेल्या आणि हार मंदाबाईंच्या गळ्यात घातला. मान बराच वेळ तशीच खाली राहिली. शेवटी मेहुण्यानं खांद्याला हात लावला.

घोंगडं त्या मला द्यायला लागल्या. मी म्हणाले, शासकीय कर्मचाऱ्याला भेट घेता येत नाही. "मंग राहू द्या खुर्चीवरच," त्या म्हणाल्या. "साहेब आलाच कदी तं त्याला थंडी वाजाया नको."

ते अजून त्या खुर्चीवरच आहे, खुर्ची तेवढी ऑफिसात आली. तिला सगळे 'तहकूब साहेबांची खुर्ची' म्हणतात. वसुलीला आलेले एक साहेब चुकून तिच्यावर बसले, तर शेषरावांनी त्यांना उठवलं.

पुढचं थोडक्यात. भगवानरावांनी माझी बदली डोंगरकड्याला करून दाखवतो, असं दोन-तीन ठिकाणी सांगितलं. मग मंदाबाईंनी त्यांना घरात काय सांगितलं ते कळलं नाही, पण बदली तहकूब झाली. गाळ निघाला. काठाला उतार झाला. मेहुण्यानं 'आय लव्ह'ची अक्षरं मनापासून बनवली, बदाम सगळ्यात मोठा.

मी पोर्टलवर कामाचा फोटो टाकला. चारच दिवसांत वरून शेरा आला: 'छायाचित्रात जनावरे दिसत आहेत. जनावरे वगळून फोटो पुन्हा अपलोड करावा.' फोटोत सगळ्यात पुढे एक शिंगाळा मेंढा होता, लाल बदामाला अंग घासत, थेट कॅमेऱ्याकडे बघत. गयाबाईंच्या कळपातला. नाव विचारलं तर म्हणाल्या, "तहकूब."

मी उत्तर पाठवलं: 'सदर छायाचित्रात तहकूब उपस्थित असल्याने तो वगळता येत नाही.' वर कुणाला काय समजलं देव जाणे. फोटो मंजूर झाला.

आणि विक्रमी उपस्थितीबद्दल मला हिंगोलीच्या ट्रेनिंगला बोलावलं. या वेळी ट्रेनर म्हणून. विषय, 'लोकसहभाग वाढवण्याचे नवोपक्रम'. समोर सगळे ग्रामपंचायत अधिकारी वह्या उघडून बसलेले. एकानं हात वर केला. "म्याडम, तुम्ही नेमकं काय केलं?"

मी म्हणाले, "छान प्रश्न आहे. जेवणानंतर घेऊ."

जेवणानंतर त्याला एका बाजूला घेऊन जे सांगितलं, ते तुम्हालाही सांगते. सत्ता तुमची आहे, म्हटलं की गावातलं कोणी येत नाही. साहेब येणार आहे, म्हटलं की आख्खी वस्ती ढोल वाजवत येते. तेव्हा सत्ता खरोखरच खालपर्यंत पोचवायची असेल, तर तिला एखाद्या साहेबाचं नाव द्यावं. साहेब तेवढा पाठवू नये.